सिगारेट विझल्यानंतरचा धूर आणि दमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दमा असलेल्या माणसाला एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकावं लागतं: "अगं, सिगारेट केव्हाच विझवली, आता कुठे आहे धूर?" मला लहानपणापासून दमा आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मधली काही वर्षं मलाच वाटायला लागलं होतं, आपण उगाच बाऊ करतोय का? नंतर वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले आणि कळलं की माझी छाती खरं बोलत होती. गेली काही वर्षं दम्याचे इतर रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध, किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं आहे.

सिगारेट विझली की धूर संपत नाही का?

डोळ्यांना दिसायचा थांबतो, एवढंच. जळत्या सिगारेटचा धूर दोन वाटांनी खोलीत येतो. ओढणारा आत घेऊन बाहेर सोडतो तो एक, आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकावरून थेट हवेत जातो तो दुसरा. खोलीत साठणाऱ्या धुरात मोठा वाटा या दुसऱ्याचा असतो. तो कुठल्याही फिल्टरमधून आलेला नसतो आणि अर्धवट जळलेल्या तंबाखूचा असतो, त्यामुळे कित्येक घातक रसायनांचं प्रमाण त्यात जास्तच असतं. तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं सापडली आहेत, त्यांतली सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरतात.

या धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, लहान असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करा. इतके बारीक कण धुळीसारखे पटकन खाली बसत नाहीत, तरंगत राहतात. घराघरांत जाऊन केलेल्या मोजमापांत असं दिसलं आहे की शेवटची सिगारेट विझल्यावर बसायच्या खोलीतली हवा मूळ पातळीवर यायला पाच तासांपर्यंतही लागू शकतात. म्हणजे पाहुणे नऊला उठून गेले तरी बाराला तुम्ही त्याच खोलीत झोपत असाल, तर त्यांचा धूर तुमच्यासोबत असतो.

'थर्डहँड स्मोक' म्हणतात ते काय?

हवेतला धूर विरला तरी त्यातली निकोटिनसारखी रसायनं भिंती, पडदे, सोफा, गाद्या, गालिचे, केस आणि कपड्यांवर बसतात. मी याला सरळ 'चिकटलेला धूर' म्हणते. 'पेडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली आलेल्या एका लेखानंतर थर्डहँड स्मोक हा शब्द जगभर रुळला, पण सिगारेट ओढणाऱ्याच्या घरातला वास जात नाही हे लोकांना त्याआधीही माहीत होतंच.

हा थर नुसता पडून राहत नाही. तो थोडाथोडा पुन्हा हवेत उतरतो आणि घरातल्या धुळीत मिसळतो. शिवाय त्याचं रूपही बदलतं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की पृष्ठभागावरच्या निकोटिनची घरातल्या हवेत असणाऱ्या नायट्रस आम्लाशी क्रिया होते आणि कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स तयार होतात. ओझोनशी क्रिया झाली तर फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. दम्याच्या माणसासाठी ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण हे दोन्ही श्वासनलिकेला झोंबणारे आहेत.

हवेत तरंगणाऱ्या धुराने दमा बळावतो याचे पुरावे कित्येक दशकांचे आणि भक्कम आहेत. चिकटलेल्या धुराचा अभ्यास त्या मानाने अलीकडचा आहे. त्यामुळे घरात एकाच गोष्टीसाठी भांडायची ताकद असेल, तर ती घरात सिगारेट पेटूच नये यासाठी वापरा. भिंती धुण्याचा नंबर त्यानंतर.

दम्याच्या छातीत या धुराने नेमकं होतं काय?

दमा असलेल्यांच्या श्वासनलिकांना आतून थोडी सूज कायम असते. अगदी बरं वाटत असतं त्या दिवशीसुद्धा. त्यामुळे निरोगी नळी जे निमूट सहन करते, त्यावर ही नळी चवताळून उठते.

धुरातले ॲक्रोलिनसारखे झोंबणारे वायू नळीच्या अस्तरातल्या मज्जातंतूंना डिवचतात. काही क्षणांत खोकल्याची उबळ येते, नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. हे सगळ्यांना कळतं, कारण ते लगेच दिसतं. पुढचं मात्र हळूहळू होतं. पुढच्या काही तासांत अस्तर आणखी सुजतं आणि कफ वाढतो, चिकट होतो. श्वासनलिकेच्या आत केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात, ते सतत हलत कफ वर ढकलत असतात. धुराने त्यांची हालचाल मंदावते. कफ वाढलेला आणि तो बाहेर काढणारी यंत्रणा थकलेली, अशी दुहेरी अडचण होते.

म्हणूनच संध्याकाळी धुरात तासभर बसलेल्या माणसाला तेव्हा काहीच होत नाही आणि पहाटे तीनला धाप लागून जाग येते. दमा मुळातच रात्री आणि पहाटे उचल खातो, त्यात ही भर. मग सकाळी घरचे म्हणतात, "काल तर बरी होतीस!" काल बरी होते, कारण सूज अजून वाढायची होती.

आणि नळी थोडीशी अरुंद झाली तर एवढा त्रास का होतो, याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. लहान मुलांच्या नळ्या आधीच बारीक असतात. त्यांच्यासाठी एक मिलिमीटरची सूजसुद्धा खूप मोठी.

म्हणजे मला धुराची ॲलर्जी आहे का?

बोलताना आपण तसं म्हणतो, पण बहुतेकांच्या बाबतीत ही ॲलर्जी नसते. परागकण किंवा धुळीतल्या किड्यांविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं, तसं इथे होत नाही. धूर अस्तराला थेट झोंबतो. त्यामुळे ॲलर्जीची गोळी घेऊन धुरात बसलं तर संरक्षण मिळेल अशी आशा ठेवू नका. आणि ॲलर्जीच्या चाचण्या निर्दोष आल्या म्हणून तुमचा त्रास खोटाही ठरत नाही.

थोडासाच धूर असेल तर चालतो का?

अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे की दुसऱ्याच्या धुराची कुठलीही पातळी निर्धोक नाही. दम्याच्या माणसाला हे अहवालाशिवायही कळतं. एखाद्या दिवशी लिफ्टमधला अर्धा मिनिटही पुरतो, आणि एखाद्या दिवशी काहीच होत नाही. हा फरक तुमच्या नळ्यांची त्या दिवशीची अवस्था कशी आहे यावर असतो. सर्दी झालेली असेल, हवा थंड असेल, रोजचा पंप (इन्हेलर) दोन दिवस चुकला असेल, तर तेवढाच धूर भारी पडतो. "परवा तर तुला काही झालं नाही" असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

मला नुसत्या वासानेही कसंतरी होतं. हे मनाचे खेळ आहेत का?

वास येतो म्हणजे काही रसायनांचे रेणू तुमच्या नाकापर्यंत पोचलेले असतात. त्यामुळे 'नुसता वास' असं काही नसतं. थोडं का होईना, काहीतरी श्वासात जातंच. त्याचबरोबर हेही खरं आहे की ज्याला धुराने वाईट अटॅक येऊन गेलेले असतात, त्याचं शरीर वास आला की सावध होतं, श्वास भरभर व्हायला लागतो. दोन्ही एकाच वेळी घडू शकतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर टाकता येतो ते मोजणारी नळी, असेल तर फुंकून बघा. आकडा तुमच्या नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर शांत बसून हळू श्वास घ्या, जागा बदला. ८० च्या खाली गेला असेल तर नळ्या आवळल्या आहेत, पंप लागणार आहे. ५० टक्क्यांच्या खाली असेल तर वाट बघू नका. आकडा काहीही दाखवत असला तरी धाप वाढत असेल तर शरीराचं ऐका.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. नाक वासाला लवकर सरावतं. ओढणाऱ्या माणसाला आपल्या घरातला वास येत नाही आणि तो मनापासून सांगतो की "आमच्याकडे अजिबात वास नाही." तो खोटं बोलत नसतो. त्याच्या नाकाचा भरवसा धरू नका, एवढंच.

खिडकी उघडून किंवा पंखा लावून ओढली तर?

हवा खेळती राहिली की धूर पातळ होतो, नाहीसा होत नाही. वारा कुठल्या दिशेचा आहे यावर तो बाहेर जाईल की उलट घरात पसरेल हे ठरतं. पंखा तर त्याला खोलीभर नेतो. एसीची गोष्ट आणखी वाईट. घरातले बहुतेक एसी आतलीच हवा फिरवत राहतात.

बाल्कनीत ओढणं घरात ओढण्यापेक्षा बरं, पण दार उघडं असेल तर धूर आत येतोच. दार बंद करून, इमारतीपासून लांब जाऊन ओढली तरच त्याला बाहेर ओढणं म्हणता येईल.

एअर प्युरिफायर घेतला तर प्रश्न सुटेल का?

अर्धाच सुटेल. चांगला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण वायू अडवत नाही. निकोटिनची वाफ आणि झोंबणारे वायू त्यातून आरपार जातात. कार्बनचा जाड थर असलेले फिल्टर काही वायू शोषतात, तोही थर लवकर भरतो.

बाल्टिमोरमध्ये दमा असलेल्या आणि घरात कुणीतरी सिगारेट ओढणाऱ्या मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. प्युरिफायर लावलेल्या घरांत हवेतले कण कमी झाले, मुलांचे त्रासाविना जाणारे दिवसही वाढले. पण हवेतलं निकोटिन कमी झालं नाही आणि मुलांच्या लघवीत सापडणारं कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, तोही कमी झाला नाही. धूर मुलांच्या अंगात जातच होता. म्हणून प्युरिफायर जरूर वापरा, पण "आता मशीन आहे, ओढली तरी चालेल" ही सवलत त्याच्या नावावर देऊ नका.

ओझोन सोडून वास मारणारी यंत्रं मात्र घरात आणूच नका. ओझोन स्वतःच दम्याला चिथावतो, आणि निकोटिनच्या थराशी त्याची क्रिया होते हे वर आलंच आहे.

रूम फ्रेशनर?

नको. धूर तिथेच राहतो, वर सुगंधी रसायनांची भर पडते. अनेक दमेकऱ्यांना त्या स्प्रेनेच उबळ येते.

बाहेर ओढून आत आलेल्या माणसापासून किती धोका?

शेवटच्या झुरक्यानंतरही काही मिनिटं ओढणाऱ्याच्या श्वासातून धुराचे अंश बाहेर पडत असतात. कपडे, केस, दाढी यांतून तर बराच वेळ. जर्मनीतल्या माइन्झ शहरात एका सिनेमागृहाच्या हवेची मोजमापं घेतली गेली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सिनेमागृहात धूम्रपानाला पूर्ण बंदी होती. तरी प्रेक्षक आत आले की तंबाखूच्या धुरातली रसायनं हवेत वाढत, कारण ती त्यांच्या अंगावरून आणि कपड्यांवरून येत होती. काही वायूंच्या बाबतीत एका तासातलं प्रमाण १ ते १० सिगारेटींच्या धुराइतकं भरलं.

यावरून घाबरून घरातल्या माणसाला दाराबाहेर उभं करू नका. बाहेरून ओढून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून आत यावं, हात-तोंड धुवावं, वरचा शर्ट किंवा जॅकेट बदलावं आणि मगच बाळाला किंवा दमा असलेल्याला जवळ घ्यावं. ओढायला जाताना घालायचं एक जॅकेट दाराबाहेर ठेवलं तर हे सोपं होतं.

लहान मुलांना जास्त त्रास का होतो?

नळ्या बारीक असतात हे एक कारण. मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, त्यामुळे वजनाच्या मानाने जास्त हवा आणि जास्त धूर आत जातो. रांगणारं बाळ गालिच्यावर लोळतं, सोफा चाटतं, हात तोंडात घालतं. चिकटलेला धूर त्याच्या तोंडातूनही पोटात जातो. आणि बाळ उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

सुरुवात जन्माआधीच होते. गरोदरपणी आई सिगारेट ओढत असेल तर बाळाच्या फुप्फुसांची वाढ कमी पडते आणि पुढे घरघर आणि दमा होण्याची शक्यता वाढते.

चांगली बातमीही आहे. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आली. त्याआधी दम्यासाठी रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी ५.२ टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती दरवर्षी १८.२ टक्क्यांनी घटत गेली. तेव्हा अनेकांना भीती होती की बाहेर बंदी आली की लोक घरात जास्त ओढतील आणि मुलांचे हाल वाढतील. घडलं उलटं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण त्या प्रत्येक टक्क्यामागे रात्रभर नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) लावून बसलेलं एखादं मूल आणि त्याच्या उशाशी जागणारी आई असते.

गाडीत?

कधीच नाही, काचा खाली करूनही नाही. गाडी ही फार लहान खोली आहे, तिथे धुराचं प्रमाण काही मिनिटांत प्रचंड वाढतं आणि सीटचं कापड ते धरून ठेवतं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून, १८ वर्षांखालचं कुणी गाडीत असेल तर सिगारेट ओढणं कायद्याने गुन्हा आहे. तुमच्याकडे कायदा असो वा नसो, तुमच्या गाडीतला नियम तुम्ही करू शकता.

आधी पंप घेऊन धुराच्या ठिकाणी गेलं तर चालेल का?

टाळता येण्यासारखं नसेल तर डॉक्टरांना विचारून तशी तयारी ठेवा, पण ही सवय नको. त्रास झाल्यावरचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. धुराने वाढणारी सूज तो थांबवत नाही. मग होतं असं की पंपामुळे तेवढ्यापुरतं बरं वाटतं, माणूस आणखी दोन तास धुरात बसतो आणि रात्री हिशेब चुकता होतो.

सूज आटोक्यात ठेवतो तो रोजचा, स्टिरॉइड असलेला पंप. त्याची कामगिरीही धुरामुळे कमी पडते. जे दमेकरी स्वतः सिगारेट ओढतात त्यांच्यात श्वासातून घेतलेल्या स्टिरॉइडचा परिणाम कमी होतो हे नीट सिद्ध झालेलं आहे. याचं एक कारण असं की सूज उतरवण्यासाठी स्टिरॉइड ज्या एन्झाइमची मदत घेतं, तेच धुरामुळे मंदावतं. घरात पालक ओढत असलेल्या, दमा तीव्र असलेल्या मुलांतही तसंच आढळलं आहे. "डोस वाढवला तरी फरक नाही" असं वाटत असेल तर डॉक्टरांना घरातल्या धुराबद्दल जरूर सांगा. ते विचारायला विसरले तरी तुम्ही विसरू नका.

धुरामुळे त्रास सुरू झाला तर लगेच काय करायचं?

आधी धुरातून बाहेर पडा. कुणाला वाईट वाटेल याचा विचार तेव्हा करू नका. सरळ बसा, आडवं पडू नका, गळ्याजवळचे कपडे सैल करा. डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना असेल तर तिच्याप्रमाणे पंप घ्या. साल्ब्युटामॉलचा पंप असेल तर प्रथमोपचारात सांगितली जाणारी पद्धत अशी: शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून एक पफ घ्यायचा, ३० ते ६० सेकंद थांबायचं, मग पुढचा, असे जास्तीत जास्त १० पफ. काहींना रोजचा आणि त्रासाचा असा एकच पंप दिलेला असतो. त्यांची कमाल मर्यादा वेगळी असते, ती डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा.

पंपाने उतार पडत नसेल, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत जात असेल, तर ॲम्ब्युलन्स बोलवा. छातीतला आवाज अचानक थांबला आणि माणूस थकलेला दिसतोय, ही सुधारणा समजू नका. हवा आत-बाहेर होत नाही म्हणूनही आवाज थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये दम्याने ४,५५,००० माणसं गेली. "बघू थोडा वेळ" म्हणण्याचा हा आजार नाही.

घर घेतलं, आधीचे लोक घरात ओढायचे. वास जाईल का?

जातो, पण मेहनत लागते. ओढणारे कुटुंब गेल्यानंतर दोनेक महिने रिकामी राहिलेली, साफसफाई केलेली घरंसुद्धा तपासली तेव्हा धुळीत आणि भिंतींवर निकोटिन सापडलं आहे.

निकोटिन अल्कधर्मी असतं, म्हणून पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसलं तर ते चांगलं निघतं. आधी साबणाचं कोमट पाणी, मग व्हिनेगरचं, मग साधं, असं भिंती, छत, दारं, कपाटांच्या आतल्या बाजू, पंख्याची पाती, दिवे सगळं पुसा. छत विसरू नका, गरम धूर वर जातो. न धुता नुसता रंग मारला तर डाग आणि वास काही दिवसांत रंगातून वर येतात. धुऊन वाळल्यावर डाग अडवणारा प्रायमर आणि मग रंग. पडदे धुवा किंवा बदला. जुना गालिचा, स्पंजची गादी, सोफ्याचा स्पंज हे मात्र बहुतेक वेळा सुधारत नाहीत, काढून टाकणंच शहाणपणाचं. एसीचे फिल्टर बदला, आतली कॉइल साफ करून घ्या.

हे काम दमा असलेल्याने करायचं नाही आणि तेव्हा घरातही थांबायचं नाही. कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

शेजारी ओढतात आणि धूर आमच्या घरात येतो. काय करू?

इमारतीत धूर दाराच्या फटी, पाइपांभोवतीची भोकं, वायरिंगच्या नळ्या, बाथरूमचे डक्ट अशा वाटांनी फिरतो. या फटी बुजवल्या, दाराखाली पट्टी लावली तर बराच फरक पडतो, पूर्ण नाही. शेजाऱ्यांशी बोलताना आरोपाने सुरुवात न करता वेळा सांगा: "रात्री दहानंतर धूर आमच्या बेडरूममध्ये येतो आणि मुलाला धाप लागते." बऱ्याच माणसांना खरोखर माहीत नसतं. त्रासाच्या तारखा आणि पीक फ्लोचे आकडे लिहून ठेवले तर पुढे इमारतीच्या बैठकीत बोलायलाही उपयोग होतो.

कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षं धुरात काढली. आता टाळून काय फायदा?

खूप. कॅलिफोर्नियात १९९८ च्या सुरुवातीला बारमध्ये धूम्रपानबंदी झाली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरांची बंदीआधी आणि नंतर तपासणी झाली. आधी ३९ जणांना खोकला, घरघर, धाप असा त्रास होता. बंदीनंतर काही आठवड्यांतच त्यांतल्या २३ जणांचा तो त्रास गेला होता. त्यांचं वय, त्यांची वर्षं तीच होती. बदलली ती फक्त हवा.

व्हेप किंवा हुक्का चालतो का?

हुक्क्यात पाण्यातून गेल्याने धूर थंड होतो, निर्धोक होत नाही, आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा. व्हेपच्या वाफेत अतिसूक्ष्म कण, निकोटिन आणि सुगंधी रसायनं असतात. जवळ बसलेल्या दमेकऱ्यांना त्यानेही खोकला आणि धाप लागते. घरात दोन्ही नकोत.

घरातली मोठी माणसं ओढतात. त्यांना कसं सांगू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा दबलेला असतो. माझा अनुभव सांगते. "सिगारेट सोडा" असं म्हटलं की मोठी माणसं दुखावतात, त्यांना तो अपमान वाटतो, आणि निकोटिनचं व्यसन इतकं पक्कं असतं की एका वाक्याने ते सुटत नाहीच. म्हणून मी मागणी लहान केली. "बाबा, तुम्ही ओढू नका असं मी म्हणत नाही. पण घरात नको. रात्री मला श्वास घेता येत नाही हो. खाली जाऊन या, आणि वर आलात की शर्ट बदला." पहिले काही दिवस अबोला होता. मग एका रात्री मी पंप घेऊन बसलेली त्यांनी पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून न सांगता खाली जायला लागले.

सगळीकडे एवढं सहज होणार नाही. तिथे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवणं उपयोगी पडतं. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा. सून किंवा लहान भाऊ जे बोलू शकत नाही, ते डॉक्टर दोन मिनिटांत बोलतात. आणि बाहेर जाऊन ओढायला लागल्यावर कित्येकांची सिगारेट आपोआप कमी होते.

मला दमा आहे आणि मीच ओढतो. आता काय उपयोग?

दादा, ताई, तुमच्यावर रागावण्यासाठी हे लिहीत नाही. दमा असलेल्या ओढणाऱ्यांनी सिगारेट सोडली तेव्हा सहा आठवड्यांतच त्यांच्या फुप्फुसांची क्षमता मोजता येईल इतकी सुधारल्याचं आढळलं आहे. पहिल्या काही दिवसांत खोकला वाढू शकतो, कारण मंदावलेले ते तंतू पुन्हा काम करायला लागतात. त्याने घाबरून परत पेटवू नका. निकोटिनचे च्युइंगम, पॅच आणि गोळ्या असतात, समुपदेशन असतं. इच्छाशक्तीच्या एकटीच्या जिवावर झुंजायची गरज नाही. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा की ओढतो, दिवसाला किती ओढतो. ते लपवलं तर त्यांनी दिलेलं औषध का लागू पडत नाही हे त्यांना कधीच कळणार नाही.

घर धूरमुक्त केलं, महिनाभर त्रास नाही. पंप बंद करू का?

मनाने बंद करू नका. त्रास नाही तो धूर गेल्यामुळे आणि पंप सुरू असल्यामुळे, दोन्हींमुळे. दमा साधारण दोन-तीन महिने नीट आटोक्यात राहिला की डॉक्टर डोस एकेक पायरीने उतरवतात. तोवर रोजचा पंप चालू ठेवा, घेतल्यावर चूळ भरा, आणि आठवड्यातून किती रात्री जाग आली, त्रासाचा पंप किती वेळा लागला, हे वहीत लिहीत राहा. तपासणीला जाताना ती वही सोबत न्या.